नव्या रिंगांचा धूर

"पुन्हा खोलू का, उस्ताद?"

सिद्रामच्या हातात पाना होता आणि डोळ्यांत पाणी. विचारलं असतं तर धुराचं आहे, म्हणाला असता.

गॅरेजच्या दारात जुन्या टायरवर बसून मकबूल उस्ताद चहा फुंकत होते. त्यांनी मानही वर केली नाही.

काशीबाईंचा भाजीचा टेम्पो फार ऑइल खायचा. सिद्रामने एकट्याने इंजिन खोललं, पिस्टनला नव्या रिंगा घातल्या आणि साऱ्या गल्लीला सांगून टाकलं, "आता धूर दिसला तर नाव बदलीन!" हे काम जमलं की गॅरेज तुझ्या हाती देतो, असा उस्तादांनी शब्द दिला होता. आणि आज इंजिन सुरू केलं, तर मागून निळा धूर. गड्याचा जीव अर्धा झाला.

"घालताना एखादी रिंग मोडली?" उस्तादांनी विचारलं.

"नाही."

"सगळ्या रिंगांच्या फटी एका रेषेत ठेवल्यास?"

"नाही हो. एकेक फिरवून बसवलीय."

"सिलिंडर आतून खरखरीत दगडाने घासलास?"

"तुमच्यासमोरच की."

"मग?"

"मग धूर का येतोय…?"

उस्ताद उठले. सिद्रामच्या हातातला पाना काढून घेतला, टायरवर ठेवला आणि त्याच्यावरच बसले.

सिद्रामने हात पुढे केला. "पाना द्या, उस्ताद. काशीबाई येतील आता. लोक हसतील मला."

"हसू दे. टेम्पो घे, देगावपर्यंत फिरवून आण. लई रेटू नको. रिंगा नव्या, सिलिंडर जुना… घासू दे एकमेकांना, मग बसतील नीट."

"आणि तोवर हा धूर?"

"सुटू दे."

सिद्राम हलेना. "माझंच काही चुकलं असेल तर? एकदा खोलून बघितलेलं बरं. तुम्ही एवढे निवांत कसे बसता?"

उस्ताद हसले. या पोरावर त्यांचा फार जीव होता आणि तो लपवणं त्यांना कधी जमलं नाही. हाताचं काळं ऑइल त्यांनी त्याच्या गालाला फासलं.

"तू नवा आलास तेव्हा किती धूर सोडायचास, बेटा… मी खोललं का तुला?"