खारीने काढलेला बाण

झाडं स्वतःच्या अंगावर हौसेने चित्रं काढून घ्यायची, तेव्हाची गोष्ट. रानात सुतारपक्षी चित्रकला शिकवायचा आणि झिपरी नावाची खार त्याच्याकडे शिकायची. ससाणा आला की सशांनी कोणत्या बिळाकडे पळायचं, ते दाखवणारी खूण वडाच्या खोडावर काढायचं काम त्याने तिला दिलं.

झिपरीने कोळशाने ठसठशीत बाण काढला. पण भोवतीची कोरी साल बघून तिला राहवेना. खारच ती, ढोलीतला एक कोपराही कधी रिकामा ठेवत नसे. तिने पानं काढली, फुलं काढली, शेंगासुद्धा काढल्या.

दुपारी ससाण्याची सावली पडली. ससे धावत आले आणि खोडापुढे थबकले. त्या गर्दीत बाण सापडेपर्यंत एकाच्या पाठीवरचे केस ससाण्याच्या नखांत गेले होते.

"गुरुजी, माझं चुकलं कुठे?" झिपरीने विचारलं.

"एकेक गोष्ट पूस आणि लांबून बघ."

तिने शेंगा पुसल्या, लांब जाऊन पाहिलं. फुलं पुसली, पुन्हा पाहिलं. मग पानंही गेली.

"मी बाणाला हातही लावला नाही, मग हा मोठा कसा झाला?" तिने खोडाभोवती फिरून पाहिलं. "पण जागा केवढी रिकामी राहिली."

"रिकामी नाही गं, मोकळी. बाणालाही पळायला जागा लागते."

दुसऱ्या दिवशी सावली पुन्हा आली. ससे वडापाशी वळले आणि सरळ बिळात शिरले. चित्र छान झालंय म्हणायला एकही थांबला नाही.

झिपरीने खुशीत शेपटी फुलवली.