टिटवीची दुसरी हाक

त्या प्रदेशात धुकं कधी उठत नसे. दिवस उगवे तो दुधाळ, मावळे तो राखाडी, आणि स्वतःच्या पंखाच्या टोकापलीकडचं कोणालाच काही दिसत नसे. डोळे होते ते झोपताना मिटायला. तिथले पक्षी कानांवर जगत.

प्रदेशाच्या मधोमध एक कडा होता. त्याच्या माथ्यावरच्या सपाट दगडावरून कोणी हाक दिली, की ती विरत नसे. कडा ती ठेवून घेई आणि संथ लयीत पुन्हा पुन्हा देत राही. ‘मी कवडा सांगतो, पूर्वेच्या खिंडीत ससाणा राहतो.’ ‘मी सुतार सांगतो, ओढ्यापलीकडचं जांभूळ आतून पोखरलंय.’ अशा हाका ऐकत अख्खे थवे धुक्यातून नेमके हव्या त्या जागी उतरत. जन्मात कधी न भेटलेल्या पक्ष्याच्या शब्दावर ते आपला जीव सोपवत.

एकदा कड्यात गेलेली हाक बाहेर काढता येत नसे, म्हणून दगडावर कोणालाही चढू देत नसत. तिथे धनेश राखण करी. त्याची चोच भली मोठी होती आणि तिच्या वजनाने म्हणा किंवा मानाने म्हणा, तो सदा मान किंचित तिरकी ठेवून बोले. नवी हाक आधी दोन पारखी ऐकत. भीड पडू नये म्हणून ते पानांआड बसत. कोण आहेत ते कोणाला कळत नसे. त्यांनी होकार दिला की धनेश बाजूला सरके. आणि कोणी दगडावर असताना बाकी सगळ्यांनी चोची मिटायच्या, हा तिथला सर्वांत कडक रिवाज, कारण कडा निवड करत नसे. एका पोपटाला भर हाकेत शिंक आली होती. पोपट जाऊन पिढ्या लोटल्या, शिंक अजून शाबूत होती.

टिटवीची हाक त्या कड्यातली सगळ्यांची लाडकी होती. ‘मी टिटवी सांगते, टेकडीपलीकडच्या मोठ्या तळ्याचं पाणी गोड आहे.’ तिने ते उगाच म्हटलं नव्हतं. त्या तळ्याच्या काठाने ती चोच बुडवत बुडवत चालली होती आणि दर वेळी पाणी गोडच लागलं होतं. तेव्हापासून तिला मोठा मान मिळू लागला. सभेत तिच्यासाठी उबदार खडक राखून ठेवत. बुलबुलाने त्या तळ्यावर घरटं कुठे बांधावं ते सांगितलं, बगळ्याने तिथे जायचा जवळचा रस्ता सांगितला. तिच्या हाकेच्या खांद्यावर दुसरी हाक चढली, दुसरीच्या खांद्यावर तिसरी. टिटवी मुळात बडबडी, त्यात ही कीर्ती. मग काय विचारता.

एकदा ती पुन्हा त्या तळ्यावर गेली. खरं सांगायचं तर कौतुक ऐकायला गेली होती.

वेताच्या बेटाजवळ कोणीतरी चोच चाटत बसल्यासारखा आवाज आला. जवळ जाऊन पाहते तो एक बदकीण रिकाम्या घरट्यावर बसलेली. तिच्या पिसांवर मिठासारखी पांढरी खर धरली होती.

“नव्याने आलात वाटतं,” टिटवी म्हणाली. “पाणी कसं आहे?”

“गोड आहे, बाई.” बदकिणीचा घसा पार कोरडा पडला होता. “कड्यानेच सांगितलंय ना. आमच्याच जिभेला मेलं खारट लागतं. पिल्लांनाही लागत होतं. ती राहिली नाहीत. आमच्याच रक्तात काही खोट असेल, दुसरं काय.”

टिटवी पाण्याकडे वळली. तिच्या जातीचे पक्षी घोट्यापलीकडे पाण्यात जात नाहीत. पाणी म्हणजे काठ, हीच त्यांची समजूत. त्या दिवशी ती प्रथमच आत शिरली, पाय सुटले तशी पंख फडफडवत मध्यापर्यंत गेली आणि तिथे तिने चोच बुडवली. जीभ भाजावी इतकं ते पाणी खारट होतं. परत काठाला आली तर काठ गोड. मातीतून झरे पाझरत होते आणि त्यांचं पाणी काठालाच बिलगून राहिलं होतं. तेवढंच तिने चाखलं होतं आणि सगळ्या तळ्याची ग्वाही दिली होती.

तिने बदकिणीला काठाशी आणून पाणी पाजलं. बदकिणीने पोटभर पिऊन विचारलं, “तुम्ही कोण, बाई?” टिटवीने नाव सांगितलं नाही. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

“आमच्या मागून मोठा थवा यायचाय,” बदकीण म्हणाली. “टेकडीवर विसावलेत. सगळ्याजणी अंडी घालायच्या बेतात आहेत. उजाडलं की कड्यावरून हाक ऐकत इकडे निघतील.”

टिटवी उडाली ती थेट कड्यावर येऊन थांबली. धनेशाने तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तो दुष्ट नव्हता. त्याला कड्याची काळजी होती.

“टिटवीबाई, आज तुम्ही चुकलात म्हणाल, उद्या थवे म्हणतील कडाच चुकतो. मग ते ससाण्याबद्दलच्या हाकेवर तरी कशाला विश्वास ठेवतील? झाकली मूठ सव्वा लाखाची.” मूठ तिथे कोणालाच नव्हती, पण म्हण सगळ्यांना ठाऊक होती. “आणि तुमच्या नावाचं काय? बुलबुलाचं, बगळ्याचं काय? मागे एक कपार आहे. चुकांची सोय तिथेच केली आहे. जा, सांगून मोकळ्या व्हा.”

टिटवी कपारीत गेली. आत ऊब होती आणि ओल होती, आणि मधाच्या पोळ्याजवळ यावी तशी गुणगुण चालली होती. कान देऊन ऐकल्यावर गुणगुणीतून शब्द सुटे झाले. ‘मी मैना सांगते, ते फळ पिकल्यावर कडू होतं, मी त्याआधीच निघाले होते.’ ‘मी चंडोल सांगतो, उत्तर म्हणालो ती दक्षिण होती.’ ‘मी होला सांगतो, मी तिथे गेलोच नव्हतो. मला क्षमा करा.’ कितीतरी आवाज, म्हातारे, कापरे, काही कधीच मेलेल्या पक्ष्यांचे. सगळे खरं बोलत होते आणि एकाही शब्दाला बाहेर जायला वाट नव्हती. बाहेर कडा त्याच चंडोलाच्या आवाजात अजूनही खणखणीतपणे उत्तर दिशाच सांगत होता.

टिटवीला रडू आलं. इथे आपणही सांगून टाकावं, हलकं व्हावं, उबदार खडकावर जाऊन बसावं, असं तिला फार वाटलं. तिने चोच उघडलीसुद्धा. मग तिला बदकिणीच्या पिसांवरची पांढरी खर आठवली आणि ती एक शब्द न बोलता बाहेर पडली.

उजाडत होतं. टेकडीच्या बाजूने पंखांची सळसळ ऐकू येऊ लागली होती. टिटवी चालत दगडाकडे निघाली. धनेश आडवा आला.

“पारख्यांचा होकार नाही,” तो म्हणाला.

“माझा आहे,” पानांआडून आवाज आला. तो खंड्याचा होता. “तिची पहिली हाकही मीच पारखली. मीही काठावरच्या फांदीवर बसणारा. मला तरी मधलं पाणी कुठे ठाऊक होतं? हो म्हणून बसलो. चढू द्या तिला.”

तेवढ्यात टिटवीने उडी मारली आणि ती दगडावर उभी राहिली. धनेशाने ओरडायला चोच उघडली, आणि उघडीच ठेवली. आता तो जे काही बोलेल ते कडा कायमचं ठेवून घेणार होता. त्याने ती प्रचंड चोच हळूच मिटली.

टिटवीने पहिल्या हाकेइतकाच वरचा सूर लावला. “मी टिटवी सांगते, मी चुकले. तळं खारट आहे. गोडवा काठापुरताच आहे. मी काठावरूनच परतले होते.”

कड्याने ती हाक ऐकली, क्षणभर पोटात घोळवली आणि पहिलीच्या शेपटाला बांधून बाहेर सोडली. पंखांची सळसळ जवळ आली, डोक्यावर घुटमळली, मग सगळा थवा धुक्यातच वळला. त्याचा वारा टिटवीच्या अंगावरून गेला. दिसला एकही पक्षी नाही.

पुढे व्हायचं तेच झालं. उबदार खडक दुसऱ्याला मिळाला. बुलबुलाने बोलणं टाकलं. टिटवी काही सांगू लागली की कोणीतरी हळूच विचारी, “काठावरून, की मधून?” आणि सभा खुसखुसे. ती सभेला जायची बंद झाली. वाईट वाटायचंच ते वाटलं. रात्र रात्र ते तिला सलत राही.

ऋतू पालटला. एकदा दूरच्या ओढ्याकाठी ती किडे टिपत हिंडत होती, तोच पलीकडून खेळाचा गलका ऐकू आला. कोणीतरी धोंड्यावर चढलं आणि मोठा आव आणून ओरडलं, “मी टिटवी सांगते, पाणी गोड आहे!” त्यावर बाकीचे एका सुरात ओरडले, “चुकले, चुकले, मी चुकले!” आणि धपाधप पाण्यात पडले.

टिटवी जागच्या जागी थिजली. इथेही आपली लाज आपल्या आधी येऊन पोचली, असं तिला वाटलं.

“हळू रे मेल्यांनो,” एक बदकीण दटावत होती. “ऐकलं बिचारीने तर काय वाटेल तिला?”

पिल्लं कुठली ऐकायला! पुन्हा एक चढलं, पुन्हा सगळी ओरडली. आता टिटवीने नीट कान दिला. धुक्यात काही दिसत नव्हतं, पण आवाज होते. बारीक, ओले, धष्टपुष्ट, इकडे, तिकडे, ओढ्याच्या वळणापलीकडेही. एकाचाही घसा कोरडा नव्हता.

“पुन्हा एकदा म्हणा रे,” ती धुक्यातून म्हणाली.

कोण बोललं, हे विचारायला कोणालाच फुरसत नव्हती. ओढाभर पिल्लं बेंबीच्या देठापासून ओरडली, “चुकले, चुकले, मी चुकले!”