भोक पाडलेला डबा

एकदा एक तेलाचा व्यापारी आपल्या लहानपणीच्या मास्तरांना भेटायला निघाला. काखेत एक कोरा करकरीत पत्र्याचा डबा होता, तोंड झाळून पक्कं बंद केलेला. मास्तर शाळेत कवायत शिकवीत आणि उन्हाळ्यात गावच्या विहिरीवर पोरांना पोहायला. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षं झाली होती, विहिरीवरून मात्र अजून झाले नव्हते. पाठीला रिकामा डबा बांधायचा, कमरेला दोर, आणि पोराला पाण्यात घालायचं, ही त्यांची पद्धत. व्यापारीही असाच शिकला होता. मास्तरांचे डबे गंजले असतील म्हणून त्याने नवा आणला, हे खरं. पण रिकाम्या हाताने सल्ला मागायला जाऊ नये, हे व्यापारी शहाणपणही त्यात होतंच.

सल्ला हवा होता लेकीबद्दल. ती बारावीला उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली होती. तिला भूगर्भशास्त्र शिकायचं होतं, आणि दूरच्या शहरातल्या सरकारी कॉलेजच्या यादीत तिचं नावही लागलं होतं. फी माफक, राहायला वसतिगृह. दुसऱ्या एखाद्या बापाने पेढे वाटले असते. याने भलताच घाट घातला. गावापासून बारा किलोमीटरवर एक खासगी कॉलेज होतं. तिथे भूगर्भशास्त्र नव्हतं, फी सहापट होती, आणि ती भरायला रस्त्याकडेचा प्लॉट विकावा लागणार होता. तरी याला तेच हवं होतं, कारण तिथली बस मुलीला संध्याकाळी सहाला दारात आणून सोडणार होती. लोक पैसे वाचवायला मुलांना जवळ ठेवतात; हा गृहस्थ जवळ ठेवायला पैसे उधळायला निघाला होता.

बायको त्याला म्हणाली, "प्लॉट विकून पोरीला घरात कोंडायचं, ही कुठली तऱ्हा? माझं ऐकत नाही तर नाही, एकदा मास्तरांना तरी विचारून या." मुलगी तर तीन दिवस बापाशी बोललीच नव्हती. जागा पक्की करायची मुदत दुसऱ्या दिवशी पाचला संपत होती, आणि त्यासाठी लागणारा ओटीपी बापाच्याच मोबाइलवर यायचा होता.

विहिरीवर पोरापोरींचा कालवा चालला होता. मास्तर वरच्या पायरीवर बसले होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "भीती नेमकी कशाची वाटते तुला?"

"खोटं कशाला बोलू, मास्तर? वसतिगृहात कोण कुठल्या मुली, कॉलेजात कोण कुठली मुलं. गॅदरिंग काय, सहली काय, वाढदिवस काय. वाईट संगत लागायला कितीसा वेळ लागतो? आमची तर अजून जेवलेलं ताटसुद्धा उचलत नाही."

मास्तरांनी नवा डबा हातात घेतला, बोटांनी वाजवून पाहिला. मग शेजारच्या पिशवीतून एक खिळा काढला, दगड उचलला आणि एका घावात डब्याला भोक पाडलं.

"अहो मास्तर!" व्यापारी ओरडलाच. "चांगला डबा नासवलात की!"

मास्तरांनी पाण्याकडे पाठ करून बसलेल्या एका मुलीला हाक मारली. दहा-अकरा वर्षांची, अंगाने शिडशिडीत. बारा दिवस झाले तरी डब्याशिवाय पाण्यात उतरायला ती तयार नव्हती. नवा चकचकीत डबा पाहून स्वारी खूश झाली. मास्तरांनी तो तिच्या पाठीला बांधला आणि तिच्या कमरेचा दोर व्यापाऱ्याच्या हातात दिला.

ते भोक व्यापाऱ्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. मुलगी पाण्यात उतरताच त्याने दोर गच्च ताणून धरला. त्यामुळे ती बुडत नव्हती, पण पोहतही नव्हती. नुसती टांगलेली होती.

"काका, ओढू नका ना!" ती खालून चिडून म्हणाली.

"सैल सोड," मास्तर म्हणाले. "सोडून देऊ नकोस. सैल सोड."

त्याने हातभर दोर सोडला. मुलीचं डोकं पाण्याखाली गेलं, तो दोर ओढणार एवढ्यात डोकं वर आलं. पलीकडून दोघी-तिघी ओरडल्या, "पाय मार गं, पाय! इकडे ये!" ती गेली. भिंतीला हात लावून परतही आली. पायऱ्या चढताना मात्र थबकली. "मास्तर, डबा किती जड झालाय!"

मास्तरांनी डबा सोडवून उलटा धरला. भोकातून पाण्याची धार लागली ती थांबेचना. मुलगी त्या धारेकडे बघत राहिली. "म्हणजे... हा भरला होता? मग मी कशी आले?"

"तूच सांग."

ती खदखदून हसली आणि डबा तिथेच टाकून पुन्हा पाण्यात शिरली. मास्तरांनी दोर आपल्या हातात घेतला.

"पहिले काही दिवस डबा लागतोच," ते म्हणाले. "पण धड डब्यावर माणूस तरंगायला शिकतो, पोहायला नाही. तू प्लॉट विकून लेकीला आणखी पक्का डबा घ्यायला निघालास. तो सोडवणार कधी? आणि संगतीचं म्हणशील तर, इथे अर्धं मी शिकवतो, अर्धं ही पोरं एकमेकांना. तुझ्या नाकातोंडात पाणी गेलं होतं, तेव्हा मी दोर ओढायच्या आधी तुला काठाला कुणी आणलं?"

कुंभाराच्या थोरल्याने. त्याच्याबरोबर खेळायचं नाही, असं वडिलांनी तेव्हा बजावून ठेवलं होतं. आज काही अडलं की व्यापारी पहिला फोन त्यालाच करत असे.

"पाणी खोल आहे, हे मी नाकारत नाही. म्हणून तर दोर आहे. भेटायला जा, विचारपूस कर, खरंच बुडायला लागली तर ओढून घे. तो तुझा हक्क. पण ताणू नकोस."

"तुमचं काळीज दगडाचं, मास्तर. माझ्या वडिलांनी असला डबा मला बांधूच दिला नसता."

मास्तर हसले. "तुझ्या डब्याला चौथ्याच दिवशी भोक पाडलं होतं. त्यांच्या देखत. दोर त्यांनीच धरला होता. हात असे कापत होते, की मला वाटलं, हा माणूसच आधी विहिरीत पडतो. पण दोर सैल होता."

व्यापाऱ्याचे डोळे भरून आले. वडील जाऊन अकरा वर्षं झाली होती. हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, आणि आपल्याला डब्याने तारलं असंच तो इतकी वर्षं समजत आला होता.

तिथूनच त्याने घरी फोन लावला. "बाळा, तुझ्या कॉलेजातली जागा पक्की कर. ओटीपी आला की सांगतो."

पलीकडून ती म्हणाली, "बाबा, सोडायला तुम्ही याल ना?"

"येईन की. काठापर्यंत येईन."

कुठला काठ, ते तिला कळलं नाही. बाबा येणार, एवढं कळलं, आणि तीन दिवसांत ती पहिल्यांदा हसली.