उंबऱ्यावरची काठी

फार पूर्वी एका राज्यात एक न्यायाधीश होता. चोराला तो भीत नव्हता, राजालाही फारसा भीत नव्हता. भीत होता तो एका काठीला.

ही काठी होती फिर्यादीची, म्हणजे राजाच्या वतीने आरोप मांडणाऱ्या अधिकाऱ्याची. कधीकाळी राज्यात दरोडेखोर माजले होते, तेव्हा राजाने त्याला एक अधिकार दिला. एखाद्या कैद्यासाठी त्याने न्यायसभेच्या उंबऱ्यावर काठी आडवी ठेवली, की त्या कैद्याचा जामीन मागायला कुणी आत यायचं नाही. निकाल लागेपर्यंत कैदी कोठडीतच. पुढे दरोडेखोर गेले, काठी मात्र राहिली. आता कोंबडीचोरासाठीही फिर्यादी ती आडवी घाली, आणि कारण त्याला कुणी विचारत नसे.

मागच्या साली एक बुरूड असाच कोठडीत राहिला. निर्दोष सुटून घरी गेला, तोवर त्याचं तान्हं मूल दगावलं होतं. तेव्हापासून न्यायाधीशाला अन्न गोड लागत नव्हतं.

आज पुन्हा काठी पडली होती. राजवाड्यातला शेला चोरल्याचा आळ एका रंगाऱ्यावर आला होता. त्याची म्हातारी आई शेवटच्या घटका मोजत होती आणि सारखं त्याचंच नाव घेत होती. रंगाऱ्याची बायको शेजारच्या दोघांना जामीन राहायला घेऊन आली होती आणि उंबऱ्याबाहेर ताटकळत होती. दिवस कलायला लागला. न्यायाधीश पेचात पडला. तिला आत घ्यावं, तर रीत मोडली म्हणून आपलीच गच्छंती. न घ्यावं, तर तो बुरूड डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

शेवटी ती बाई म्हणाली, "मी काठी ओलांडत नाही, महाराज. तुम्ही तरी बाहेर या."

इतक्या वर्षांत हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. काठी आत येणाऱ्याला अडवायची, बाहेर जाणाऱ्याला तिने कधीच अडवलं नव्हतं. न्यायाधीश उठला. काठी ओलांडून तो बाहेरच्या पायरीवर बसला आणि त्याने फिर्यादीला समोर बोलावलं.

"आता कारण सांगा," तो म्हणाला.

फिर्यादी गोरामोरा झाला. माणूस पळून जाईल, एवढंच त्याला सुचलं. कशावरून, ते काही सांगता येईना. न्यायाधीशाने दोन्ही बाजू ऐकल्या आणि रंगाऱ्याला जामिनावर सोडलं. पण सुनावणीपर्यंत न्यायाधीशाच्या जिवात जीव नव्हता. खरंच पळाला तर?

सुनावणीच्या दिवशी तो सकाळपासून वाटेकडे डोळे लावून बसला. फिर्यादीही बघत होता. रंगारी आला, एकटा, आपल्या पायांनी. त्याचं डोकं भादरलेलं होतं.

"म्हातारी भेटली का?" फिर्यादीने हळूच विचारलं.

"भेटली. शेवटचं पाणी माझ्याच हातचं घेतलं."

शेला त्याने चोरला होता की नव्हता, ते पुढे साक्षीपुराव्याने ठरलं. ती गोष्ट वेगळी. त्या सकाळी दुसऱ्याच एका कैद्यासाठी उंबऱ्यावर काठी पडलेली होती. फिर्यादीने वाकून ती उचलली आणि तो न्यायाधीशाला म्हणाला, "याचंही ऐकून घ्या."

तात्पर्य: अडवणाऱ्याने कारण सांगावं आणि न्याय करणाऱ्याने दोघांचं ऐकावं; ज्याचं ऐकूनच घेतलं नाही, त्याला निकालाआधीच शिक्षा झालेली असते.