कुंभाराचे लिंबाचे झाड

पुष्कळ वर्षे लोटली या गोष्टीला. नदीकाठच्या एका गावात एक कुंभार आणि त्याची बायको राहत होती. त्यांची एकुलती एक मुलगी तापाने गेली. तिने परसात लावलेले कागदी लिंबाचे झाड तेवढे मागे उरले.

मुलगी अंथरुणाला खिळली, तेव्हा कुंभाराला काही म्हणजे काही करता आले नव्हते. तो उशाशी नुसता बसून राहिला होता. ते बसणे त्याच्या मनाला कायमचे लागून राहिले.

एके वर्षी झाडाची पाने पिवळी पडली. बुंध्याला भेगा गेल्या, त्यांतून डिंक गळू लागला. भेग दिसली की लिंपायची, एवढेच त्याच्या हातांना ठाऊक. त्याने घडे करायची चिकणमाती आणली, भेगा बुजवल्या आणि बुंध्याभोवती जाड थर चढवला. थर तडकू नये म्हणून तो सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी ओतायचा. झाड मात्र वाळतच चालले.

शेजारची माळीण एकदा परसात आली. तिने थोडी माती खरवडून वास घेतला.

"दादा, आतली साल कुजलीय. ही माती काढा, बुंधा मोकळा करा अन् पाणी तोडा."

"आजारी लेकराचं पाणी तोडू? अन् मग मी काय करू?"

"काही नाही. बसून राहा."

कुंभाराचे डोके भडकले. "एकदा बसलो होतो," तो म्हणाला आणि आणखी पाटीभर माती आणायला गेला.

एकेक करून फांद्या वाळल्या. शेवटी बायकोने त्याच्या हातातला घडा काढून घेतला. रडून रडून तिचे डोळे केव्हाच कोरडे झाले होते.

"अहो, पोर आपल्या हातांनी गेली नाही," ती म्हणाली. "हे झाड मात्र जाईल."

कुंभार बुंध्यापाशी खाली बसला. मग त्याने थर उकरायला घेतला. आतून कुजका वास आला. बोट लागताच साल सुटून हातात आली. बुंधा तीन बाजूंनी काळा पडला होता, आणि वरच्या मातीवर ठसे त्याच्याच बोटांचे होते. सडलेले सगळे त्याने विळ्याने तासून काढले, वाळके तोडले. एवढ्या झाडाची एक फांदी उरली.

मग तो खरोखरच बसून राहिला. हात शिवशिवायचे, जीव खालीवर व्हायचा. माळीण सांगेल तेव्हाच तो बुंध्यापासून लांब थोडे पाणी द्यायचा.

पुढे त्या फांदीला पालवी फुटली, चार-दोन लिंबेही धरली. बायकोने एक चिरून त्याच्या ताटात ठेवले. त्याने ते वरणावर पिळले, पण ताट न जेवताच बाजूला सारले. झाडाची गेलेली बाजू पुन्हा कधीच भरून आली नाही.

लहानथोरांनो, एवढे ध्यानात ठेवा: स्वतःचे दुःख हलके करण्यासाठी केलेली सेवा दुसऱ्याला जगवत नाही.