सारंगाची उलटतपासणी

दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका बंदरात जहाज पेटलं आणि संशय आला तो हिंदुस्थानी खलाशांवर. त्यांचा म्होरक्या म्हणजे सारंग, बाणकोटचा हसनमियाँ, कोर्टात उभा राहिला. कप्तानाच्या हातून कंदील पडताना त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. पण ऐकणार कोण? लोक त्याच्याकडे पायाशी साप निघावा तसे बघत होते.

कप्तानाने साक्षीला आणले गावातले नामांकित ग्रंथकार प्रिंगलसाहेब. स्वतःचंच पुस्तक उंचावून ते म्हणाले, "हिंदुस्थानी माणूस जन्मात खरं बोलत नाही. मी सविस्तर लिहिलंय!"

न्यायाधीशांनी मान डोलावली. आपली माणसं आता फासावर जाणार, हे सारंगाला कळून चुकलं. तरी अदबीने त्याने विचारलं, "साहेब हिंदुस्थानात कधी गेले होते?"

"जायचं कशाला? एका दुभाष्याने सगळं सांगितलं."

"तो कुठला?"

"हिंदुस्थानीच की!"

"मग तो खरं बोलला असेल, तर आमच्यातही खरं बोलणारा निघाला. आणि खोटं बोलला असेल, तर साहेबांचं पुस्तकच खोटं."

न्यायाधीशांनी पुस्तक बाजूला सारलं.

"सारंग," ते म्हणाले, "आग कशी लागली, ते आता तुम्ही सांगा."