बेचाळीस मिलिलिटर श्वास

"पडद्यावर बेचाळीस दिसतंय, तरी तुम्ही छातीकडे का बघता, मॅडम?"

निनादने वरिष्ठ भूलतज्ज्ञ उकिडवे मॅडमना विचारलं. टेबलावर सहा किलोची दुर्वा भूल देऊन झोपवलेली होती. पोटाची शस्त्रक्रिया अर्ध्यावर आली होती. व्हेंटिलेटर तिला श्वास देत होता आणि निनाद भोईटे त्याच्या पडद्यासमोर उभा होता.

निनाद भूलशास्त्राच्या परीक्षेत नुकताच पहिला आला होता. पदक घरी कपाटात होतं, मान मात्र अजून ताठच होती.

त्याने हिशोब सांगितला. किलोमागे सात, म्हणजे एका श्वासाला बेचाळीस मिलिलिटर. मशीनही तेच म्हणतंय. हातच्या काकणाला आरसा कशाला, असंही वर बोलून गेला.

मॅडम छातीकडेच बघत होत्या. ती हलत होती... जेमतेम.

"नळ्या कुठल्या जोडल्यास?"

लहान मुलांच्या नळ्या धुऊन वाळत घातल्या होत्या, म्हणून मोठ्यांच्या लावल्या, असं त्याने सांगितलं. त्यात काय एवढं, हे तो बोलला नाही. पण ऐकू आलं.

मॅडमनी त्या नळ्या बाळापासून सोडवल्या. रबरी फुगा जोडला आणि स्वतःच्या हाताने दुर्वाला श्वास देऊ लागल्या. छाती चांगली वर आली. मग नळ्यांचं मोकळं तोंड त्यांनी निनादपुढे केलं.

"तळहाताने बंद कर."

त्याने केलं. मशीनने श्वास ढकलला. लांबलचक नळ्या किंचित फुगल्या, पुन्हा बसल्या. पडद्यावर आकडा आला.

बेचाळीस.

"हा कोणी घेतला?"

निनादने हातातल्या नळ्यांकडे पाहिलं. मग दुर्वाकडे... इतका वेळ अर्ध्यामुर्ध्या श्वासावर ती निमूट पडून होती. त्याला भीती वाटली, आणि लाजही.

सिस्टरने वाळलेल्या लहान नळ्या आणून दिल्या. निनादने स्वतः त्या घट्ट बसवल्या. श्वास मोजणारा चिमुकला सेन्सर या वेळी मशीनपाशी न ठेवता बाळाच्या तोंडापाशी जोडला आणि लगबगीने पडद्यापाशी गेला.

"मॅडम, आता बेचाळीस खरे आहेत."

मॅडम अजून छातीकडेच बघत होत्या.

"आकडा बाळापाशी आला... तू कुठे उभा आहेस?"